सहकाऱ्याचा तास पाहायचाय? मग मागच्या बाकावर बसू नका

वर्गात कुणी वही-पेन घेऊन मागे येऊन बसलं की तपासणी सुरू झालीच. शिकवणाऱ्याचा आवाज चढतो, फळ्यावरचं अक्षर एकदम वळणदार होतं आणि प्रश्न फक्त हुशार चार-पाच जणांनाच जायला लागतात. असला तास पाहून कुणाच्याच पदरात काही पडत नाही. शिक्षकांनी शिक्षकांना मदत करायची तर आधी ही तपासणीची हवा घालवावी लागते.

जोडीदार स्वतःच निवडा. वरून जोड्या लावून दिल्या की मामला कागदोपत्रीच उरतो. विषय एकच हवा असंही नाही. मी गणिताची, माझ्या जोडीदार भाषेच्या. त्यांना माझ्या गणितात रस नाही, हे माझ्या पथ्यावरच पडतं, कारण मग त्या मुलांकडे बघतात. मुख्याध्यापकांकडे एकच गोष्ट मागा: एकीचा तास असेल तेव्हा दुसरीला मोकळा तास. आणि एक गोष्ट आधीच ठरवून टाका: वर्गात जे दिसलं ते ना स्टाफरूममध्ये जाणार, ना कुणाच्या अहवालात. हे पाळता येणार नसेल तर सुरूच करू नका.

तासाआधी पाच-दहा मिनिटं बसून प्रश्न ठरवायचा. तो शिकवणाऱ्यानंच द्यायचा. ‘बघा आणि सांगा कसा झाला’ हा प्रश्नच नव्हे, त्याला ‘छान झाला’ याशिवाय उत्तर येत नाही. घड्याळ लावून, रेघा मारून किंवा ऐकलेलं जसंच्या तसं लिहून उत्तर मिळेल असा प्रश्न हवा. खिडकीकडच्या रांगेला किती वेळा बोलायला मिळालं? गटकामाची सूचना दिल्यावर मुलं खरोखर कामाला लागेपर्यंत किती वेळ गेला? प्रश्न विचारून मी किती थांबते?

हा शेवटचा प्रश्न पहिल्या खेपेला घ्याच. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेनं १९७० च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असं तिला दिसलं. हा थांबा तीन सेकंदांपर्यंत नेला की मुलांची उत्तरं मोठी होत होती आणि त्यांचं गप्प बसणं कमी होत होतं. दुसरा थांबा तिनं वेगळा मोजला होता: मुलानं उत्तर दिल्यानंतरचा. तो आपल्या कुणाच्या लक्षातच नसतो.

आता बसायचं कुठे? मागे बसलात तर मुलांच्या पाठी दिसतील आणि शिक्षकाचा चेहरा. हवं ते नेमकं उलटं. पुढे, भिंतीला लागून, कडेला बसा. कागदावर डावीकडे वेळ, उजवीकडे कानावर पडलं ते. विशेषणं नकोत. ‘मुलं कंटाळली होती’ असं लिहू नका, ‘तिघांनी वह्या मिटल्या’ असं लिहा. माझ्या एका तासाचा कागद असा होता:

११.१२ – ‘एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश?’
(एक सेकंद) दुसऱ्या बाकावरची मुलगी: ‘एक चतुर्थांश.’
(लगेच) ‘नीट विचार कर. छेद वाढला की भाग लहान होतो ना?’
मुलगी: ‘हो.’
(लगेच) ‘मग मोठा कोणता?’
मुलगी: ‘एक तृतीयांश.’ – ‘शाब्बास!’

तास संपल्यावर जोडीदारानं काही न बोलता हा कागद माझ्या हातात दिला. हेच खरं कौशल्य: कागद द्यायचा आणि गप्प बसायचं. मी वाचलं आणि म्हटलं, ‘उत्तर तर मीच देऊन टाकलं.’ त्यावर त्यांनी एवढंच विचारलं, ‘मॅडम, चतुर्थांश मोठा असं तिला का वाटलं असेल?’ चार हे तीनपेक्षा मोठे म्हणून, दुसरं काय! पण ते तिच्या तोंडून यायला हवं होतं. म्हणून पुढच्या तासासाठी एकच बदल ठरला: उत्तर चूक असो वा बरोबर, मनात तीन आकडे मोजायचे आणि मग ‘तुला असं का वाटलं?’ असं विचारायचं. जोडीदारानं पुन्हा येऊन पाहायचं तेही तेवढंच. बोलणं झालं की कागद शिकवणाऱ्याकडे राहतो. पाहणाऱ्यानं त्याची प्रत ठेवायची नाही.

पाहणाऱ्यानं मत द्यावं की नाही? ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अमेरिकी शिक्षण-अभ्यासकांनी १९८० च्या दशकात ही जोडीची पद्धत रुजवली. पुढे १९९६ मध्ये त्यांनी लिहिलं की तासानंतरचा तोंडी अभिप्राय त्यांनी काढूनच टाकला, कारण सहकारी बघता बघता परीक्षकाच्या भाषेत बोलायला लागत. त्यांच्या मांडणीत तर शिकवतो तो मार्गदर्शक आणि पाहतो तो शिकणारा! मला ही अदलाबदल पटते, पण मी त्यांच्याइतकी कडक नाही. कागदावरची नोंद दाखवावी. मत मागितलं तरच द्यावं, आणि तेही एकच.

ज्येष्ठ-कनिष्ठ अशी जोडी असेल तर पहिला तास ज्येष्ठांचा. नवख्या शिक्षिकेला आधी वर्गात उभं केलं की ती परीक्षाच होते. उलट तिनं ‘सर, तुमच्या तासाला बसू का? गटकाम कसं लावता ते पाहायचंय’ असं विचारलं तर सहसा कुणी नाही म्हणत नाही.

मोबाइलवर चित्रीकरण करायचं असेल तर शाळेची आणि पालकांची परवानगी आधी घ्या. एरवी कागद पुरतो.

तीन-चार फेऱ्यांनंतर दोघी एकमेकींचं नुसतं कौतुकच करताय असं वाटलं तर जोडी मोडू नका, प्रश्न बदला. ज्या वर्गात जायचं जिवावर येतं, त्याच वर्गाचा पुढचा तास पाहायला द्या.