आधी कान तपासा, मग आपलं तोंड आवरा

मूल दोन-अडीच वर्षांचं झालं आणि बोलत नसलं की घरात पक्ष पडतात. एक म्हणतो, "काही होत नाही गं, याचा बाप चौथ्या वर्षी बोलायला लागला, आता गप्प बसवावं लागतं." दुसरा वेखंड उगाळायला घेतो. आमच्याकडे हे दोन्ही पक्ष होते, आणि मधोमध मी, चित्रांची कार्डं हातात धरून दिवसभर "हे काय? सांग ना, हे काय?" करत बसलेली. चुकत आम्ही तिघंही होतो, पण सगळ्यात जास्त मी. नंतर ज्या क्रमाने गोष्टी केल्या, आणि ज्या क्रमाने आधीच करायला हव्या होत्या, तो क्रम इथे मांडते आहे.

वाट किती पाहायची?

ढोबळ मोजमाप असं: वर्षाच्या आसपास पहिला शब्द, दीड वर्षाला दहाएक शब्द, दोन वर्षांपर्यंत पन्नासच्या आसपास शब्द आणि "बाबा ये", "दूध नको" अशा जोड्या. तीन वर्षांच्या मुलाचं बरंचसं बोलणं शेजारच्या काकूंनाही कळलं पाहिजे. थोडं मागेपुढे होतंच. उशिरा बोलणारी पुष्कळ मुलं पुढे बरोबरीला येतात, हेही खरं. पण त्यातलं आपलं मूल येईल की मागे पडेल हे दुसऱ्या वर्षी कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून वाट पाहायचीच असेल तर हातपाय हलवत पाहा.

दोन बाबतींत मात्र एक आठवडाही थांबू नका. मूल आधी म्हणत असलेले शब्द म्हणायचं बंद झालं, किंवा हाक मारल्यावर वळून पाहत नाही, बोटाने काही दाखवत नाही, नजरेला नजर देत नाही, तर सरळ बालरोगतज्ज्ञांकडे जा. अशा वेळी प्रश्न नुसत्या बोलण्याचा नसतो, स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) दृष्टीनेही तपासणी करून घ्यावी लागते.

पहिलं काम: कानाची तपासणी

"ऐकू तर येतं, कुकरची शिट्टी झाली की पळत येतो" हे वाक्य मी स्वतः डॉक्टरांना ऐकवलं आहे. मागे ताट वाजवून बघणं ही चाचणी नव्हे. मुलाला सावली दिसते, फरशीचा हादरा जाणवतो. शिवाय काही मुलांना जाड, मोठे आवाज नीट येतात आणि 'स', 'श', 'फ' सारखे बारीक आवाज गळून जातात. त्यांच्या कानावर भाषा अर्धीमुर्धीच पडते. सतत सर्दी होणाऱ्या मुलांत पडद्यामागे पाणी साठून महिनोन्‌महिने कमी ऐकू येऊ शकतं. ते बाहेरून कळतही नाही, आणि त्यावर उपचार आहे.

यासाठी दोन तपासण्यांची नावं लक्षात ठेवा, ओएई आणि बेरा. ओएईत कानात छोटंसं बूच बसवून काही मिनिटांत काम होतं. बेरा मूल झोपलेलं असताना करतात. कपाळावर आणि कानामागे तारा चिकटवतात आणि आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते पाहतात. लागलंच तर झोपेचं औषध तिथले डॉक्टर देतात. एक व्यवहारी सूचना: आदल्या रात्री मुलाला उशिरापर्यंत जागवा आणि जाताना रिक्षात झोपू देऊ नका. आमचं पहिलं बेरा केवळ त्या पंधरा मिनिटांच्या डुलकीमुळे वाया गेलं.

खर्चाची काळजी असेल तर अंगणवाडी सेविकेला विचारा. मुलांच्या मोफत तपासणीचा सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघरमधूनच सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा तपासतात आणि गरज पडली तर जिल्हा रुग्णालयाकडे पाठवतात. अनेक जिल्हा रुग्णालयांत अशा मुलांसाठी 'डीईआयसी' नावाचं वेगळं केंद्र असतं. मुंबईच्या जवळ असाल तर वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. १९८३ पासून ती वाचा आणि श्रवण याच विषयावर काम करते.

जिभेबद्दल एवढंच. "जीभ चिकटलेली आहे, कापून घ्या" असं सांगणारे भेटतील. जिभेखालचा पडदा आखूड असला तर काही उच्चार अडखळू शकतात, पण त्याने शब्दच येत नाहीत असं होत नाही. 'मामा', 'बाबा', 'पापा' ओठांनी म्हणतात, त्यांना जीभ लागते कुठे? आणि वेखंड, मधात उगाळलेलं सोनं यांनी भाषा येत नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाला तर मध चाटवूच नये.

एक आठवडा वही घाला

मूल जे जे म्हणतं ते लिहून काढा. कुत्र्याला दर वेळी 'भू' म्हणत असेल तर तो शब्द धरायचा. पाण्याला 'पापू' म्हणतो? तोही धरायचा. मराठीतले, हिंदीतले, इंग्रजीतले सगळे एकाच यादीत. शेजारच्या पानावर त्याला काय कळतं ते लिहा. "चप्पल आण" म्हणताना हात मागे बांधा आणि चपलेकडे पाहूही नका, नाहीतर मूल शब्दावरून जातंय की आपल्या खुणेवरून, ते समजणार नाही. ही वही पुढे तज्ज्ञांना फार उपयोगी पडते. ज्याला सगळं कळतं पण बोलता येत नाही आणि ज्याला कळतच कमी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या बाबतीत लवकर जा.

प्रश्न विचारणं बंद

हे सगळ्यात अवघड, निदान माझ्यासाठी होतं. "हे काय? गाय कशी करते? मावशीला सांग ना!" म्हणजे दिवसभर तोंडी परीक्षा. बोलणं म्हणजे नापास होणं हे मुलाला चटकन कळतं, आणि ते तोंड मिटून घेतं.

त्याऐवजी जे चाललंय ते त्याच्यासमोर, त्याच्या उंचीला बसून, छोट्या वाक्यात बोला. पोळी लाटताना: "लाटते. गोल. अजून पीठ. झाली पोळी!" तो गाडी ढकलत असेल तर: "गाडी चालली. पडली. अरेरे." भाषणं नकोत. मूल एकही शब्द बोलत नसेल तर आपण एक-दोन शब्दांत बोलायचं. ते एक शब्द बोलत असेल तर आपण दोन-तीन. त्याच्या एक पायरी वर, चार पायऱ्या वर नाही.

आणि शब्द निवडताना रंग, आकडे, ए-बी-सी-डी बाजूला ठेवा. 'लाल' म्हणून मुलाला काय मिळतं? 'दे', 'ये', 'नको', 'अजून', 'संपलं', 'उघड', 'चल' यांनी जग हलतं. मराठीत असे छोटे, कामाचे शब्द भरपूर आहेत. पहिले दहा शब्द त्यांतलेच असू द्या.

थांबा. खरंच थांबा.

एक काम करा. पुढच्या वेळी काही बोललात की मनात दहा आकडे मोजा. चेहऱ्यावर "बोल ना आता" असा ताण नको, भुवया जरा वर, मुलाकडे पाहत. सातव्या आकड्यापर्यंत पोचताना जीव कासावीस होतो. आपल्याला इतकं गप्प राहायची सवयच नसते, आणि एकत्र कुटुंबात तर तीन जणं मधे उत्तर देऊन मोकळी होतात. पण उशिरा बोलणाऱ्या मुलाला शब्द शोधायला, तोंड जुळवायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात आपण पेला त्याच्या हातात दिलेला असतो. मी एकदा मोबाइल ठेवून स्वतःचंच जेवण-प्रकरण चित्रित केलं. वीस मिनिटांत मुलाला बोलायला मी एकदाही जागा सोडली नव्हती.

थांबायला ठरलेल्या ओळी सोप्या. घास भरवताना "हा घास चिऊचा, हा घास…" म्हणायचं आणि हात हवेत थांबवायचा. तळहातावर मोर बसवण्याच्या खेळात चारापाणी झालं की उडवण्याआधी थांबायचं. रोज तसंच, त्याच चालीत. पाचव्या-सहाव्या दिवशी नुसती नजर येईल, मग हात, मग कधीतरी 'भु' किंवा 'का'. नजर आणि हात हेही उत्तरच आहे, त्यावर मोर उडवायचा.

मागायची गरज पडू द्या

आई म्हणून आपण मुलाच्या मनातलं ओळखतो आणि मागायच्या आधी देतो. थोडं कमी हुशार व्हा. चुरमुऱ्यांचा डबा घट्ट झाकणाचा, पारदर्शक, त्याच्या हाती द्या. उघडणार नाही. तो तुमच्याकडे आणेल, तुम्ही म्हणा "उघड", थांबा, आणि उघडा. वाटीत चार-पाचच चुरमुरे घाला. मग "अजून?" केळं आणि बिस्कीट दोन हातांत धरून "केळं की बिस्कीट?"

इथे एक ताकीद. काहींना हे फारच आवडतं आणि "पाणी म्हण, मग देते" सुरू होतं. तसं करू नका. तहानलेल्या मुलाकडून वसुली करायची नाही. शब्द आपण म्हणायचा, थोडं थांबायचं, तो म्हणाला नाही तरी द्यायचं. रडवून काढलेला शब्द टिकत नाही.

तो 'पापू' म्हणाला तर "पापू नाही, पाणी म्हण" असं दुरुस्त करू नका. "हो, पाणी. थंड पाणी." झालं. 'ती गाडी'चं 'तो गाडी' झालं तरी तेच, आपण बरोबर रूप परत म्हणायचं आणि पुढे जायचं.

मोबाइल, आणि 'घरी इंग्रजीच बोला'

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, आयएपीने, २०२१ मध्ये सांगितलेली मर्यादा अशी: दोन वर्षांच्या आत पडदा नाही, दोन ते पाच वर्षांत जास्तीत जास्त एक तास. वीसपर्यंत इंग्रजी आकडे म्हणणारी पण तहान लागली तर हात ओढत नेणारी मुलं मी पाहिली आहेत. पडदा बोलतो, पण मुलाच्या उत्तरासाठी थांबत नाही. एकदम बंद करणं जमत नसेल तर जेवणापासून सुरुवात करा.

बालवाडीतल्या बाई म्हणतात की दोन भाषांनी गोंधळ होतोय, घरी एकच बोला, म्हणजे इंग्रजी. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलायला लागत नाही. पुण्यात असा, बंगळुरूत असा की न्यू जर्सीत, ज्या भाषेत तुम्हाला लाड करता येतात, रागावता येतं, तीच बोला. आईवडिलांच्या अडखळत्या इंग्रजीतून मुलाला काय मिळणार? आणि मराठी सोडली तर आजीशी बोलणंही जातं.

स्पीच थेरपी

दोन वर्षांनंतर शब्दांच्या जोड्या येत नसतील तर स्पीच थेरपिस्टला एकदा तरी दाखवा. त्यांच्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का ते विचारा, त्यात कोणी रागावण्यासारखं काही नाही. आई किंवा बाबा आत बसू शकतात का हेही विचारा. आठवड्यातल्या पाऊण तासात मूल बोलकं होत नसतं. तिथे जे पाहायचं ते घरी रोज आंघोळीला, जेवणाला, जिन्यावर करायचं असतं. दार बंद करून मुलाला आत नेणारं आणि बाहेर आल्यावर "छान झालं" एवढंच सांगणारं केंद्र आम्ही तीन महिन्यांनी सोडलं.

शब्द आला की लगेच मावशीला व्हिडिओ कॉल लावून "म्हणून दाखव" करू नका. शब्दाचं बक्षीस म्हणजे त्या शब्दाने काम होणं. आमच्याकडचा पहिला स्वच्छ शब्द होता 'नको', आणि तो माझ्या हातातल्या दुधी भोपळ्याच्या घासाला उद्देशून होता. मी घास परत ताटात ठेवला.