दोन महायुद्धांमधल्या ब्रिटिश गस्ती पाणबुड्या: या चुका टाळा

1927 ते 1939 या काळात रॉयल नेव्हीत गस्ती पाणबुड्यांच्या तीन पिढ्या आल्या. आधी ओ, पी आणि आर हे मोठे वर्ग (वर्ग म्हणजे एकाच आराखड्याच्या बोटी, बहुधा त्याच अक्षराने सुरू होणाऱ्या नावांच्या), मग छोटा एस, मग या दोहोंच्या मधला टी. त्यांच्यावर लेख लिहिणारे, मॉडेल बनवणारे आणि क्विझचे प्रश्न काढणारे ठरावीक जागी घसरतात. एकदा वर्गाचं नाव कळलं की बोट कळली असं धरून चालायचं, आणि पुढचा हिशेब चुकवायचा.

‘पी’ दिसला की पी-वर्ग?

पी-वर्ग म्हणजे पार्थियन, पर्सियस, पोसायडन, प्रोटियस, पँडोरा आणि फीनिक्स, एवढ्या सहाच बोटी. (फीनिक्सचं इंग्रजी स्पेलिंगही ‘पी’नेच सुरू होतं. मराठी यादी अक्षरानुसार लावली की ती हमखास निसटते.) युद्ध सुरू झाल्यावर नव्या पाणबुड्यांना काही काळ नावाऐवजी ‘पी’ आणि आकडा एवढंच मिळत असे. त्यामुळे पी-36 ही यू-वर्गाची, पी-222 एस-वर्गाची आणि पी-311 टी-वर्गाची निघते. चर्चिलच्या आग्रहाने पुढे त्यांना नावं मिळू लागली. पी-311 साठी ‘तूतनखामेन’ ठरलं होतं, पण ते लागण्याआधीच जानेवारी 1943 मध्ये ती बुडाली. तेव्हा ‘पी’च्या मागे आकडा असेल तर पी-वर्ग लगेच बाद करा.

दुसरा घोळ ‘गस्ती’ या शब्दाचा. टेम्स, सेव्हर्न आणि क्लाइड या 22 नॉटच्या बोटी युद्धनौकांच्या ताफ्याबरोबर धावण्यासाठी बांधल्या होत्या. पॉर्पॉइस वर्गाच्या सहा बोटी सुरुंग पेरणाऱ्या होत्या, प्रत्येकीवर 50 सुरुंग मावत. ब्रिटिश यू-वर्गाच्या पहिल्या तीन बोटी तर मुळात सरावासाठी होत्या. ही मंडळी गस्ती पाणबुड्यांच्या यादीत आली की सरासरी काढण्यात अर्थ उरत नाही.

टनांचे तीन आकडे

टी-वर्गाचं वजन कुठे 1,090 टन दिसतं, कुठे सुमारे 1,300, तर कुठे 1,575. तिन्ही बरोबर आहेत. पहिला आकडा तहाच्या भाषेतला ‘प्रमाणित’, म्हणजे इंधन, वंगण आणि पाणी वगळून. दुसरा भरलेल्या बोटीचा, पृष्ठभागावरचा. तिसरा बुडी मारल्यानंतरचा. 1930 च्या लंडन तहाने ब्रिटनला पाणबुड्यांसाठी एकूण 52,700 टन दिले आणि एका बोटीला 2,000 टनांची मर्यादा घातली. तो सगळा हिशेब प्रमाणित टनांतला. टी-बोट लहान का झाली याचं उत्तर इथेच आहे: ठरलेल्या टनांत जास्तीत जास्त बोटी बसवायच्या होत्या. तुलना करताना तिन्हीपैकी एकच आकडा धरा. ओ-वर्गाच्या ओडिनची लांबी सुमारे 86 मीटर आणि टी-वर्गाच्या ट्रायटनची 84, म्हणून फोटोत दोघी सारख्याच वाटतात. पण पृष्ठभागावर ओडिन 1,781 टनांची, म्हणजे ट्रायटनपेक्षा जवळजवळ 500 टनांनी जड.

नळ्या मोजताना

ओ, पी आणि आर वर्गांना पुढे 6 आणि मागे 2 टॉर्पेडो नळ्या होत्या. युद्धापूर्वीच्या एस-बोटीला पुढे 6, मागे एकही नाही. टी-वर्गाजवळ आलं की गोंधळ सुरू होतो.

पहिल्या पंधरा टी-बोटींना दहा नळ्या होत्या आणि दहाही पुढे तोंड करून. सहा दाबरोधक सांगाड्याच्या (माणसं असतात त्या मजबूत बंद भागाच्या) आत, दोन नाळेवरच्या (बोटीच्या पुढच्या टोकावरच्या) फुगवट्यात आणि दोन मधोमध, मनोऱ्याजवळ. बाहेरच्या चार नळ्या समुद्रात पुन्हा भरता येत नसत. म्हणून एकूण टॉर्पेडो 16: नळ्यांत 10 आणि आत राखीव 6. दहाला दोनने गुणून 20 लिहिणारे बरेच भेटतात.

एकदम दहा कशाला? शत्रूकडेही आपल्यासारखं अ‍ॅस्डिक (आवाजाच्या प्रतिध्वनीने पाणबुडी शोधणारं यंत्र) असेल, जवळ जाता येणार नाही, लांबूनच मारावं लागेल, असं गृहीत होतं. शिवाय ब्रिटिश पद्धतीत टॉर्पेडो नळीतून सरळ निघायचा. बंदूक रोखावी तशी अख्खी बोट रोखायची आणि काही सेकंदांच्या अंतराने एकेक सोडायचा. लक्ष्य पुढे सरकत असतं, त्यामुळे हे टॉर्पेडो त्याच्या लांबीवर पसरतात. अंतर जितकं जास्त, तितकी अंदाजातली चूक मोठी, आणि तितके टॉर्पेडोही जास्त लागणार.

त्या फुगवट्याची किंमत पेरिस्कोपच्या खोलीवर मोजावी लागली. नाळेवर पाण्याची मोठी लाट उठे आणि बोट एका पातळीवर स्थिर धरणं अवघड होई. नंतरच्या बोटींत नाळ निमुळती केली आणि बाहेरच्या नळ्या मागे सरकवल्या. मधल्या दोन नळ्यांचं तोंड मागे फिरवलं आणि पिछाडीला एक नळी वाढवली. हिशेब झाला पुढे 8, मागे 3. मॉडेल बनवताना 1940 च्या ट्रायटनवर 1943 ची नाळ लावू नका. ट्रायम्फची गोष्ट आणखी निराळी. डिसेंबर 1939 मध्ये सुरुंगाने तिची नाळ सुमारे 18 फूट उडाली, तरी ती परत आली. दुरुस्तीत नाळेवरच्या बाहेरच्या नळ्या पुन्हा बसवल्याच नाहीत.

तेलाचा माग, आणि 1940 चा भूमध्य समुद्र

ओ, पी आणि आर वर्गांच्या इंधनाच्या टाक्या दाबरोधक सांगाड्याच्या बाहेर, रिव्हेट मारलेल्या होत्या. खोलीवरचा दाब, पृष्ठभागावरचे हेलकावे आणि जवळपास फुटलेले बॉम्ब यांनी रिव्हेटचे सांधे ढिले होत. मग तेल झिरपायचं आणि वर तवंग उमटायचा. लपणं हेच जिचं काम, तिचा पत्ता वर पाण्यावरच लिहिलेला. टी-वर्गात इंधन सांगाड्याच्या आत घेतलं त्यामागे हा अनुभव होता.

इथपर्यंत ठीक. पण यापुढे ‘जुन्या गळक्या बोटी होत्या म्हणून 1940 मध्ये भूमध्य समुद्रात बुडाल्या’ असं लिहू नका. जून ते डिसेंबर 1940 या काळात तिथे नऊ ब्रिटिश पाणबुड्या बुडाल्या: ग्रँपस, ओडिन, ऑर्फियस, फीनिक्स, ऑस्वाल्ड, रेनबो, ट्रायड, रेग्युलस आणि ट्रायटन. यातल्या ट्रायड आणि ट्रायटन टी-वर्गाच्या, अगदी नव्या. ग्रँपस सुरुंग पेरणारी. सुरुंग, इटालियन टॉर्पेडो बोटी, ऑस्वाल्डला बसलेली विनाशिकेची धडक अशी कारणंही बोटीगणिक वेगळी. त्याच जूनमध्ये पार्थियनने लिबियातल्या तोब्रुकजवळ इटालियन पाणबुडी दियामांते बुडवली, हे मात्र वाचनात कमी येतं.

‘थीटिस एका माणसाच्या चुकीने बुडाली’

1 जून 1939, लिव्हरपूलचा उपसागर. चाचणीसाठी निघालेल्या थीटिस या टी-वर्गाच्या बोटीवर 103 जण होते, त्यातले 99 गेले. टॉर्पेडो अधिकारी लेफ्टनंट वुड्सने पाचव्या टॉर्पेडो नळीचं आतलं दार उघडलं, हे खरं. पण त्याच्या हातापर्यंत काय काय पोहोचलं होतं ते पाहा.

नळीला दोन टोकांना दोन झाकणं असतात. समुद्राकडचं बाहेरचं आणि बोटीतलं आतलं. बाहेरचं उघडं आहे की बंद, हे दाखवणाऱ्या डायलवर ‘बंद’ची जागा प्रत्येक नळीला सारखी नव्हती. दुसरी खात्री म्हणजे आतल्या दारावरची छोटी चाचणी तोटी. ती फिरवली आणि पाणी आलं तर नळी भरलेली. पाचव्या नळीच्या तोटीचं बारीक भोक बिट्युमेनच्या (डांबरासारख्या) रंगाने बुजलं होतं. पाणी आलं नाही, म्हणजे नळी कोरडी. आतलं दार उघडलं, तर बाहेरचंही उघडंच होतं.

पुढचा अडथळा कप्प्याच्या जलरोधक दाराचा. ते अनेक फिरक्यांनी आवळायचं असे. त्यातली एक फिरकी दार आणि चौकटीच्या मध्ये अडकली, दार लागलं नाही आणि एका कप्प्याऐवजी दोन भरले. नेहमीच्या जवळपास दुप्पट माणसं आत असल्यामुळे हवाही लवकर खराब झाली. या अपघातानंतर नळीच्या आतल्या दाराला एक खिट्टी आली. तिच्यामुळे दार आधी अगदी थोडंसंच उघडतं आणि पाणी दिसलं तर पुन्हा लावता येतं. तिला नावच ‘थीटिस क्लिप’ पडलं. बोट वर काढून थंडरबोल्ट नावाने लढवली. मार्च 1943 मध्ये ती सिसिलीजवळ बुडाली. एकाच बोटीची ही दोन नावं असल्याने याद्यांत ती दोनदा मोजली जाते.

बुडाल्याच्या नोंदी जुन्या पुस्तकातून उतरवू नका

ओ-वर्गाच्या ऑक्स्लीबद्दल त्या वेळी अपघाती स्फोटाचं कारण सांगितलं गेलं. प्रत्यक्षात 10 सप्टेंबर 1939 च्या रात्री नॉर्वेजवळ तिला आपल्याच ट्रायटनने बुडवलं. ऑक्स्ली नेमलेल्या पट्ट्याबाहेर आली होती. ट्रायटनने दिव्याने तीनदा खूण विचारली, मग ग्रेनेडचा इशारा केला. उत्तर आलं नाही, तेव्हा दोन टॉर्पेडो सोडले. ऑक्स्लीवरचे दोघंच वाचले.

इटालियन पाणबुडी तोतीने ऑक्टोबर 1940 मध्ये रेनबो बुडवली, असं कित्येक वर्षं छापलं जात होतं. ती ट्रायड होती. रेनबो त्याआधीच, 4 ऑक्टोबरला, एका इटालियन मालवाहू जहाजाशी टक्कर होऊन गेली होती. एस-वर्गाची स्वोर्डफिश फ्रान्सच्या ब्रेस्ट बंदराच्या बाजूला हरवली असं मानत. 1983 मध्ये तिचे दोन तुकडे इंग्लंडच्या वाइट बेटाजवळ सापडले. पर्सियसमधून एकटा वर आलेल्या जॉन केप्सने खोलीमापकावर 270 फूट पाहिल्याचं सांगितलं होतं, पण बोट ग्रीसच्या केफालोनिया बेटाजवळ मिळाली ती 52 मीटरवर, म्हणजे सुमारे 170 फुटांवर. त्याची सुटका खरीच होती, चुकीचा होता तो मापकाचा काटा.

आणि युद्धापूर्वीच्या बारा एस-बोटींची बेरीज करताना सनफिश विसरू नका. ती सोव्हिएत नौदलाला दिली होती आणि जुलै 1944 मध्ये ब्रिटिश विमानानेच चुकून बुडवली. तिला नुकसानीत धरलं तर उरतात तीन: सीलायन, सीवुल्फ आणि स्टर्जन. ब्रिटिश झेंड्याखाली बुडाल्या आठ. आठ की नऊ, हे लिहिण्याआधी सनफिश कुठल्या रकान्यात टाकली आहे ते पाहा.