फिल्म धुण्याचा डेव्हलपर चहासारखा काळपट होतोय?

लिटरभर डी-76 (पावडरीचा डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) कालवला, फिल्मचे दोन रोल धुतले आणि उरलेला तसाच अर्ध्या बाटलीत ठेवला, की महिन्या-दोन महिन्यांत तो तपकिरी होतो. बाटलीतली हवा त्याला खाते. त्यात सोलापूरचा उन्हाळा, चाळीसच्या वर पारा.

१. कालवून गार झाल्यावर लगेच 250 मिलीच्या चार काचेच्या बाटल्यांत भरा, अगदी गळ्यापर्यंत. तपकिरी काच असेल तर उत्तमच. लागेल तेव्हा एकच उघडायची. काठोकाठ भरलेली बाटली सहा महिने सहज टिकते.

२. अर्धी उरलीच तर धुतलेल्या काचेच्या गोट्या टाकत जा, पातळी वर येईपर्यंत. माझ्याकडे पोरांच्या जुन्या गोट्या कामी आल्या. त्या परत मागायच्या नाहीत, असं ठरलंय.

३. पत्र्याखालचा माळा नको. खालच्या खोलीत, फरशीलगत, बंद कपाटात ठेवा. फिक्सर (उमटलेलं चित्र पक्कं करणारं रसायन) वेगळ्या कप्प्यात. तो डेव्हलपरमध्ये मिसळला की डेव्हलपर बिघडतो.

४. झाकणावर नाही, बाटलीवरच नाव आणि तारीख लिहा. झाकणं बदलतात.

खोकल्याच्या औषधाची किंवा सरबताची बाटली मात्र चुकूनही वापरू नका, आणि जेवणाच्या फ्रिजमध्ये तर नाहीच. आमच्याकडे पाहुण्यांनी एकदा अशी बाटली हातात घेतली होती.