ड्राफ्टचा नंबर बाजूला ठेवून पोरगं कसं जोखायचं

सप्टेंबरचा तिसरा शनिवार आमच्या कॅनडातल्या ब्रॅम्प्टनच्या घरी आइस हॉकीच्या पूलचा असतो. दहा जण गोल बसतो, आळीपाळीने एनएचएलचे, म्हणजे इथल्या मोठ्या व्यावसायिक लीगचे, खेळाडू उचलतो आणि एप्रिलपर्यंत ज्याच्या खेळाडूंचे गोल-असिस्ट (असिस्ट म्हणजे गोलाआधीचा पास) मिळून सगळ्यात कमी होतील, त्याने सगळ्यांना जेवण घालायचं. मी मूळचा सोलापूरचा, त्यामुळे मी हरलो की मेनू ठरलेला: कडक भाकरी आणि शेंगाचटणी. सात वर्षांत दोनदा खाऊ घातली. दोन्ही वेळा चूक एकच झाली, कोवळ्या फॉरवर्डच्या एका हंगामाला मी भुललो. आता निवडीला उतरण्याआधी मी काय काय तपासतो ते लिहितोय. पूल खेळत नसलात तरी "हा पोरगा खरंच मोठा होणार का" हा वाद घालायला उपयोगी पडेल.

उदाहरण घेतो मॅथ्यू नाइजचं. टोरंटो मेपल लीफ्सचा डावा विंगर, सव्वासहा फूट उंच, २०२१च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवी पोरं निवडतात त्यात, ५७वा. २०२४-२५मध्ये त्याने ७८ सामन्यांत २९ गोल आणि २९ असिस्ट केले. फोनवर आप्पांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "सत्तावन्नावा? म्हणजे उरलासुरला माल की रे. लिलावात कितीला घेतला?"

आप्पांचा हा प्रश्नच पहिली पायरी आहे.

नंबर कसा पडला ते आधी विचारा

ड्राफ्ट म्हणजे आयपीएलचा लिलाव नव्हे. इथे बोली लागत नाही. ३२ संघ, सात फेऱ्या, एकूण २२४ पोरं, आणि ज्यांचा मागचा हंगाम वाईट गेला त्यांचा नंबर ढोबळमानाने आधी. पोरं बहुतेक अठरा वर्षांची. पहिल्या कराराच्या पगाराला वरून झाकण घातलेलं असतं, त्यामुळे ५७वा पोरगा चांगला निघाला की संघाला तीन वर्षं स्वस्तात मिळतो. नाइजचा पहिला करार वर्षाला सव्वानऊ लाख डॉलरचा होता. लीगमध्ये ही किंमत मुरमुऱ्यांची.

आता ५७. त्या वर्षी टोरंटोकडे पहिल्या फेरीचा हक्कच नव्हता, निक फोलिनो या खेळाडूच्या बदल्यात तो कोलंबसच्या संघाला दिला होता. म्हणजे ५७वा नाइज ही टोरंटोची त्या वर्षीची पहिली निवड. शिवाय वर्ष कोविडचं. ओंटारिओच्या ज्युनियर लीगचा २०२०-२१चा हंगाम झालाच नाही. मैदानात जाऊन पोरं पाहणारे स्काउट व्हिडिओवर आले होते. नाइज तेव्हा अमेरिकेत नेब्रास्काच्या ट्राय-सिटी स्टॉर्मकडून खेळत होता. अशा वर्षातल्या नंबरावर माझा विश्वास एरवीपेक्षा निम्मा.

जन्मतारीख मात्र नाइजच्या विरोधात जाते, आणि ती कुणी पाहत नाही. ड्राफ्टसाठी त्या वर्षीच्या १५ सप्टेंबरपर्यंत अठरा पूर्ण लागतात. टोरंटोचाच ऑस्टन मॅथ्यूज १७ सप्टेंबर १९९७चा. दोन दिवसांनी हुकला, म्हणून कॉनर मॅकडेव्हिडसारख्या बड्या खेळाडूबरोबर २०१५ला न येता २०१६ला आला आणि पहिला निवडला गेला. नाइज १७ ऑक्टोबर २००२चा. म्हणजे २०२१च्या घोळक्यातल्या सगळ्यात थोरल्या पोरांपैकी एक. शाळेत एक वर्ष उशिरा घातलेला मुलगा पाचवीत सगळ्यांपेक्षा दांडगा दिसतो, तसं. म्हणून अशा पोराचे आकडे मी त्याच्या ड्राफ्टच्या वर्गाशी न ताडता वयाशी ताडतो. एकोणिसाव्या वर्षी काय केलं, विसाव्या वर्षी काय केलं, असं.

ज्या खोटीमुळे मागे पडला, तिचं पुढे काय झालं

माझ्या मते हा सगळ्यात मोलाचा प्रश्न. उशिरा निवडलेल्या प्रत्येक पोरावर एक शिक्का असतो: बुटका, हळू, नाजूक. तीन-चार वर्षांनी त्या शिक्क्याचं काय झालं ते बघायचं. वाटा दोन असतात.

एक ब्रेडन पॉइंटची. २०१४ला टॅम्पाने त्याला ७९वा घेतला. अंगाने लहान, स्केटिंगही फार नावाजलेलं नव्हतं. मग बार्बरा अंडरहिलने त्याच्या पायांवर काम केलं. ही बाई १९८४ची जोडी फिगर स्केटिंगमधली विश्वविजेती. आज पॉइंट वेगासाठीच ओळखला जातो, २०२२-२३ला त्याने ५१ गोल केले. खोट दुरुस्त झाली.

दुसरी वाट जेसन रॉबर्टसनची. २०१७ला डॅलसकडे ३९वा. पाय जड, हीच तक्रार. पाय काही फार हलके झाले नाहीत. पण २०१८-१९ला ओंटारिओ लीगमध्ये ११७ गुणांनी (गोल आणि असिस्ट मिळून) तो सगळ्यांच्या वर होता आणि २०२२-२३ला एनएचएलमध्ये १०९ गुणांवर पोचला. तो धावत नाही, पक (बर्फावरची रबरी चकती) जिथे येणार तिथे आधीच उभा असतो. खोट तशीच राहिली, तो तिला वळसा घालून गेला.

दोन्ही वाटा चालतात. न चालणारी तिसरी: खोट तशीच, वळसाही नाही, आणि आकडे फक्त बाजूच्या दोघांच्या जिवावर. हे ओळखायला मी ड्राफ्टनंतरचे हंगाम काढून बसतो. नाइज मिनेसोटा विद्यापीठात गेला. पहिल्या वर्षी ३३ सामन्यांत ३३ गुण, दुसऱ्या वर्षी ४० सामन्यांत ४२. चढ आहे, पण लगेच हुरळायचं नाही, कारण दुसऱ्या वर्षी लाइनवर, म्हणजे एकत्र उतरणाऱ्या तिघा फॉरवर्डमध्ये, लोगन कूली होता, जो ड्राफ्टमध्ये तिसरा गेला होता, आणि जिमी स्नगरूड, तो २३वा. मी त्या आकड्याला तेव्हा पंधरा टक्के कात्री लावली होती. का पंधराच? काही शास्त्र नाही, अंदाजपंचे.

गोल मोजण्याआधी शॉट मोजा

इथे माझी पहिली शेंगाचटणी. २०१७-१८ला विल्यम कार्लसन नावाचा, ५३व्या नंबरवर ड्राफ्ट झालेला सेंटर वेगासकडून एकदम ४३ गोल करून गेला. त्याच्या आदल्या वर्षी कोलंबसकडे त्याचे होते सहा. मी पुढच्या पूलमध्ये त्याला दुसऱ्या फेरीत उचलला. मित्र हसले नाहीत, उलट हळहळले की आपल्याला का नाही सुचलं. त्याने त्या वर्षी २४ गोल केले. वाईट नाहीत, पण मी ४०चे पैसे मोजले होते.

आकडा समोरच होता. ४३ गोल १८४ शॉट्समध्ये. म्हणजे जवळजवळ दर सव्वाचार शॉट्सला एक. लीगमधल्या फॉरवर्डचा साधारण हिशेब आठ-नऊ शॉट्सना एक गोल असा. शंभरातले तेवीस पक वर्षानुवर्षं कुणाच्याच जाळ्यात जात नाहीत. तेव्हापासून माझी कृती अशी: एनएचएलच्या साइटवर खेळाडूचं पान उघडायचं, शॉट्सचा रकाना घ्यायचा, मागच्या तीन हंगामांची शॉट्सची संख्या चढते आहे का बघायचं. शॉट्स चढत असतील तर वाढ पोराची. शॉट्स तेवढेच आणि गोल दुप्पट, तर वाढ नशिबाची.

नाइजचा २०२४-२५चा हिशेब साधारण सव्वापाच शॉट्समागे एक गोल. कार्लसनचा चटका बसलेला माणूस इथेच पान बंद करेल. पण थांबा, शॉट मारतो कुठून तेही बघा. नाइज गोलीच्या (गोलरक्षकाच्या) पुढ्यात, निळ्या रंगवलेल्या अर्धगोलाच्या काठावर उभा राहतो. दुसऱ्याने मारलेला पक गोलीच्या पॅडवरून सुटतो आणि हा हातभर अंतरावरून आत ढकलतो. ३० एप्रिल २०२४, प्लेऑफमधला बोस्टनविरुद्धचा पाचवा सामना आठवून बघा. मॅथ्यूज आजारी, बाहेर. ओव्हरटाइमची अडीच मिनिटंही झाली नव्हती. टोरंटोच्या टव्हॅरेझने गोलासमोर पक आणला, बोस्टनचा गोली स्वेमनने अडवला, आणि नाइजने तो रिबाउंड आत घातला. त्या गोलाचा रिप्ले सुंदर अजिबात नाही, भाजी मंडईतल्या रेटारेटीसारखा आहे. पण असा माणूस शंभरातले पंधरा-सोळा सातत्याने घालू शकतो. लांबून मारणाऱ्याला ते जमत नाही. म्हणून त्याचे २९ मी २४वर आणतो, पंधरावर नाही.

असिस्टचंही तसंच. प्रत्येक गोलाला दोन असिस्ट मिळू शकतात. शेवटचा पास देणाऱ्याचा पहिला, त्याच्या आधीच्याचा दुसरा. दुसऱ्या असिस्टमध्ये फुकटे पुष्कळ. पहिले वेगळे मोजा. पॉवर प्लेवरचे (समोरच्यांचा माणूस शिक्षेमुळे बाहेर असतानाचे) गुणही वेगळे काढा, कारण तिथली जागा प्रशिक्षक देतो आणि काढूनही घेतो.

पक सोडून माणूस बघा

हे मला मुलीने शिकवलं. ती अकरा वर्षांची, हाउस लीगमध्ये खेळते. सकाळी सहाच्या बर्फासाठी साडेचारला उठून मी तिला नेतो. एकदा तिचा सामना बघून मी म्हटलं, आज तू फार दिसली नाहीस. ती हातमोजे काढता काढता म्हणाली, "बाबा, तुम्ही पक बघत होता. मला बघा ना."

तेव्हापासून एक माणूस, एक शिफ्ट. शिफ्ट म्हणजे चाळीस-पंचेचाळीस सेकंद. टीव्हीवर हे होत नाही, कॅमेरा पकामागेच धावतो. लीफ्सचं तिकीट खिशाला भोक पाडतं, पण आमच्या ब्रॅम्प्टनमध्ये स्टीलहेड्स हा ज्युनियर संघ खेळतो, टोरंटोत लीफ्सचाच खालच्या लीगमधला संघ मार्लीज आहे, तिथे स्वस्तात बसून डोळा तयार करता येतो. वही आणि पेन्सिल न्या. थंडीत पेन चालत नाही.

काय लिहायचं? कोपऱ्यात पक गेला आणि बचावपटूने पाठ केली, त्या क्षणी आपला पोरगा काय करतो. नुसता धडकतो की काठी आधी टाकतो? चांगला फोरचेकर (समोरच्याच्या हद्दीत घुसून पक हिसकावणारा) खांदा समोरच्याच्या कंबरेपाशी लावतो, पण काठीचं पातं त्याच्या दोन स्केट्सच्या मधून पकावर असतं. पक सुटला की तो परत पकामागे जात नाही, गोलीसमोर जातो. आणि पक हातून गेला की? मान खाली घालून बेंचकडे वळतो की तीन जोरदार ढांगा मागे टाकतो? माझ्या वहीत "मागे तीन" असा रकाना आहे. ज्यांच्या त्या रकान्यात खुणा जास्त, त्यांना प्रशिक्षक गोल आटले तरी बाहेर बसवत नाही. आणि बर्फावर असलेलाच गुण मिळवतो.

एका सामन्यात आठ-दहा शिफ्ट लिहून होतात. एवढ्यावर मत बनवू नका, चार सामने तरी बघा.

आता पुढचं

फॉरवर्डचं सगळ्यात उत्पादक वय बावीस-तेवीस ते सत्तावीस-अठ्ठावीस. नाइज २०२५च्या ऑक्टोबरात तेवीसचा होतो. २०२५च्या जूनअखेर त्याने सहा वर्षांचा करार केला, वर्षाला साडेसत्याहत्तर लाख डॉलर. २०२५-२६ला संघाची पगाराची मर्यादा नऊ कोटी ५५ लाख डॉलर, त्यातला आठ टक्क्यांचा वाटा एकट्याला. स्वस्ताईची तीन वर्षं संपली. त्यातलंही पहिलं वर्ष २०२३च्या एप्रिलमधल्या जेमतेम तीन सामन्यांत खर्ची पडलं होतं.

खरी गोम वेगळीच. २०२४-२५च्या हंगामात तो बराचसा मॅथ्यूज आणि मिच मार्नरबरोबर खेळला. मार्नरने त्या वर्षी १०२ गुण केले आणि उन्हाळ्यात तो वेगासला गेला. गोलीसमोर उभ्या राहणाऱ्याला पक आणून देणारा लागतो. आता तो कोण आणणार? कूलीला वजा केलं तसं मार्नरलाही वजा करायला हवं. दुसरीकडे, मार्नर गेल्याने पॉवर प्लेवर जागा मोकळी झाली, आणि मॅथ्यूज २०२४-२५ला दुखापतीने ६७च सामने खेळला, तो धड राहिला तर नाइजचंच भलं.

काही जण ५७ आणि ५८ची गंमत सांगतात. २०११ला ५८वा निवडलेला निकिता कुचेरोव्ह २०२३-२४ला १४४ गुणांवर गेला, मग ५७वा का नाही? दरवर्षी कुणीतरी ५८वा असतो, आणि त्यातल्या बहुतेकांची नावं त्यांच्या आयांनाच आठवतात. नाइज कुचेरोव्ह नाही, व्हायचं त्याला कारणही नाही. २०२५-२६साठी माझा हिशेब: २४च्या आसपास गोल, ५५च्या आसपास गुण. पॉवर प्लेवर कायमचा बसला तर ६५.

आप्पांना एवढं सगळं सांगितल्यावर त्यांनी विचारलं, पोरगा कुठला. म्हटलं, फिनिक्सचा, ॲरिझोनातला. आईवडील स्लोव्हाकियाचे, पण हा वाढला वाळवंटात. आपल्या सोलापूरसारखं ऊन. आप्पा म्हणाले, "मग घे त्याला. उन्हातला आहे, टिकेल."

ही कसोटी माझ्या वहीत नाही. शनिवारी माझी पाळी सहावी आहे. चौथ्या फेरीपर्यंत नाइज उरला तर घेणार. त्याआधी कुणी उचलला तर उचलू दे. सोलापूरहून आलेली शेंगाचटणी अजून दीड किलो आहे घरात.