अशक्त वासरू जन्मलंय? या चुका टाळा

दिवस भरण्याआधी जन्मलेलं, जुळ्यातलं किंवा ओढून काढावं लागलेलं वासरू बहुधा अशक्त असतं. ते दगावलं की ‘त्यात जीवच नव्हता’ असं म्हणून आपण मोकळे होतो. पण अशी बरीच वासरं वाचतात. पहिले सहा तास मात्र हातचे जाऊ देऊ नका.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे वार (व्यायल्यावर बाहेर पडणारी जार) पडेपर्यंत चीक, म्हणजे गाईचं पहिलं घट्ट दूध, न पाजणं. गावोगाव अजून हेच चालतं. गाईच्या पोटात असताना वासराला आईची रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही, ती चिकातूनच मिळते. शिवाय ती शोषून घ्यायची आतड्याची ताकद तासागणिक घटते आणि २४ तासांत जवळजवळ संपते. म्हणून पहिला चीक दोन तासांच्या आत पोटात गेलाच पाहिजे. पहिल्या दिवसाचं माप वजनाचा दहावा हिस्सा, म्हणजे २५ किलोच्या वासराला अडीच लिटर. तो तीन-चार वेळा विभागून पाजा, त्यातला निम्मा तरी पहिल्या सहा तासांत. वासरू लुचलं की गाईचं गर्भाशय आकुंचन पावतं, त्यामुळे वार पडायला उलट मदतच होते. आणि खरवस? वासराचं पोट भरून उरेल त्या चिकाचाच करा. शेजारीपाजारी समजून घेतील.

दुसरी चूक मायेपोटी होते. वासरू ओढत नाही म्हणून त्याची मान वर करून घशात चीक ओततात. तो फुफ्फुसात उतरतो आणि न्यूमोनिया होतो. आधी स्वच्छ बोट तोंडात घालून बघा. चोखत असेल तर वासराला छातीवर (छाती जमिनीला टेकवून) बसवून निपलच्या बाटलीने पाजा. चोखतच नसेल तर ओतू नका, थेट पोटात नळी घालण्यासाठी पशुवैद्यकांना बोलवा. त्यासाठी १९६२ वर फोन करता येतो.

गार पडलेलं वासरूही चोखत नाही. बोटाला तोंड गार लागलं तर आधी गोणपाटाने खसाखसा पुसून कोरडं करा, खाली जाड भुसा किंवा पाचट अंथरा, कोमट पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून अंगाशी ठेवा. श्वास सुरू व्हावा म्हणून मागच्या पायांना धरून उलटं टांगू नका. त्याने पोटातलंच पाणी बाहेर येतं आणि आतड्यांचा भार छातीवर पडतो. नाकातोंडातला चिकटा काढा, नाकपुडीत गवताची काडी फिरवा, छातीवर बसवा.

नाळेला शेण किंवा हळद-माती लावू नका, टिंक्चर आयोडीन लावा. नाळेतून जंतू शिरले तर पुढे सांधे सुजतात.

हगवण लागली की दूध बंद करणं ही पुढची चूक. अशक्त वासरू त्याने उपाशी पडतं. दूध थोडं थोडं चालू ठेवा आणि मधल्या वेळेत जलसंजीवनीचं पाणी द्या. डोळे खोल गेले, चिमटीत धरलेली कातडी लवकर सपाट होईना किंवा वासरू उठेना, तर घरगुती उपाय थांबवा. त्याला सलाईनच लागतं, तेही त्याच दिवशी.