गच्चीवरचा सोलर आणि न्हाणीघरातला गीझर एकत्र कसे जोडावेत

पुणे, नाशिक, कोल्हापूर यांसारख्या शहरांतील अनेक घरांत गच्चीवर सोलर (उन्हावर पाणी तापवणारा संच) आणि न्हाणीघरात साठवणुकीचा गीझर अशी दोन्ही साधने असतात, पण त्यांचे नळ मात्र वेगवेगळे काढलेले असतात. आषाढ-श्रावणात सोलरच्या टाकीतील पाणी ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच तापले, की ‘कोमट आहे’ म्हणून ते तसेच पडून राहते आणि गीझर थेट गार पाण्याच्या मुख्य टाकीतील २२ अंशांच्या पाण्यापासून सुरुवात करतो. २५ लिटर पाणी २२ अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला सुमारे ०.६७ युनिट वीज लागते आणि २ किलोवॅटच्या गीझरला त्यासाठी २० मिनिटे लागतात. तेच पाणी ३५ अंशांवरून न्यायचे असेल, तर ०.३ युनिट आणि ९ मिनिटे पुरतात. म्हणून सोलरचे गरम पाणी गीझरच्या गार पाण्याच्या तोंडाला द्यावे आणि गीझरने केवळ उरलेली कसर भरून काढावी, अशी जोडणी माझ्या मते घरगुती वापरासाठी सर्वांत योग्य आहे.

सोलरच्या टाकीतच विजेची कॉइल बसवून देण्याचा पर्याय विक्रेते हमखास सुचवतात. तो शक्यतो टाळावा. २०० लिटरच्या टाकीतील पाणी ३५ वरून ६० अंशांवर नेण्यासाठी सुमारे ५.८ युनिट वीज आणि जवळजवळ ३ तास खर्च होतात. घरात दोनच माणसे आंघोळ करणार असली, तरी संपूर्ण टाकी तापवावी लागते. शिवाय रात्रभर कॉइल चालू राहिल्यास सकाळी सूर्याला तापवण्यासारखे फारसे काही उरतच नाही.

एकामागोमाग एक अशा या जोडणीचा आणखी एक लाभ आहे आणि तो पावसाळ्यापुरता मर्यादित नाही. पाऊण इंची पाइपमध्ये मीटरमागे सुमारे पाव लिटर पाणी मावते. गच्चीपासून न्हाणीघरापर्यंत २० मीटर पाइप असेल, तर त्यात रात्रभर गार झालेले ५ लिटर पाणी सकाळी बादलीत काढून ठेवावे लागते किंवा मोरीत सोडून द्यावे लागते. मध्ये गीझर असेल, तर हे पाणी आधी गीझरमध्ये शिरते. गीझरमध्ये ६० अंशांचे २५ लिटर पाणी असताना त्यातील ५ लिटर वापरले गेले आणि त्याजागी २५ अंशांचे ५ लिटर आत आले, तरी आतील सरासरी तापमान ५३ अंश राहते. नळ उघडताच गरम पाणी मिळते आणि पाइपातले पाणीही वाया जात नाही.

प्रत्यक्ष जोडणी करताना तीन कॉक बसवावेत. पहिला कॉक गीझरमध्ये पाणी नेणाऱ्या पाइपवर, दुसरा गीझरमधून बाहेर येणाऱ्या पाइपवर आणि तिसरा या दोन्हींना गीझर वगळून जोडणाऱ्या आडव्या पाइपवर असावा. पहिला व दुसरा उघडा आणि तिसरा बंद असताना पाणी गीझरमधून जाते. याच्या उलट केल्यास सोलरचे पाणी थेट नळाला येते. एप्रिल-मे महिन्यांत, विशेषतः घर चार दिवस बंद असल्यावर, काचनळ्यांच्या सोलरमधील पाणी उकळीच्या जवळ जाऊ शकते. इतके तप्त पाणी गीझरच्या आतील टाकीला आणि वॉशरला मानवेलच असे नाही, आणि त्यामुळे गीझरचा कटआउटही (अति तापल्यावर वीज तोडणारा स्विच) उडू शकतो. गीझरच्या माहितीपुस्तिकेत आत येणाऱ्या पाण्याचे कमाल तापमान दिलेले असल्यास ते पाहावे, आणि उन्हाळ्यात गीझरची वीज बंद करून आडवा मार्ग वापरावा. गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र पहिला कॉक आणि गीझर यांच्या मध्येच असला पाहिजे, म्हणजे कॉक चुकून बंद राहिला तरी आतील दाबाला बाहेर पडण्याची वाट राहते. त्या व्हॉल्व्हमधून तापताना थोडे पाणी ठिबकणे हा दोष नाही. त्याला बारीक नळी जोडून ती मोरीकडे न्यावी. व्हॉल्व्हच्या तोंडाला बूच लावू नये.

ही जोडणी साठवणुकीच्या गीझरसाठीच आहे. गॅस गीझरला सोलरचे गरम पाणी देऊ नये, कारण तो वाहत्या पाण्याला काही क्षणांत भरपूर उष्णता देण्यासाठी केलेला असतो आणि आधीच तापलेले पाणी त्यात धोकादायक तापमानाला पोहोचू शकते.

गच्चीवरील बाजूकडे प्लंबर घाई करतात, तिथे स्वतः उभे राहणे बरे. पाण्याची मुख्य टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंच असावी, इतकी की तिचा तळ सोलर टाकीच्या माथ्याच्या वर राहील. गार पाण्याच्या पाइपवर एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) असावा, नाहीतर गरम पाणी उलट मुख्य टाकीत चढते. सोलर टाकीतून निघणारा पहिला एक-दोन मीटर पाइप जीआयचा (जस्तलेपित लोखंडाचा) घ्यावा आणि पुढे सीपीव्हीसी (गरम पाण्यासाठीचा प्लॅस्टिक पाइप) वापरावा. सीपीव्हीसीची मर्यादा सुमारे ९३ अंशांची आहे, साध्या यूपीव्हीसीला तर हे तापमान झेपतच नाही. उघड्यावरील सर्व पाइपला उष्णतारोधक नळी चढवून वरून उन्हाला टिकेल असे वेष्टन द्यावे.

सोलर टाकीवरची हवेची नळी हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यांसाठी प्रेशर पंप बसवल्यानंतर या नळीतून दिवसभर पाणी सांडू लागले. आलेल्या कारागिराने नळीला बूच ठोकले आणि सांडणे थांबले. सुदैवाने ते दुसऱ्याच दिवशी लक्षात आले, कारण दाब न झेपणाऱ्या टाकीची हवा कोंडली, तर ती फुगते किंवा पाणी उपसले जाताना आत चेपते. खरे कारण न्हाणीघरातच होते: पंपाचे जोरदार गार पाणी उघड्या राहिलेल्या मिक्सरमधून कमी दाबाच्या गरम पाइपमध्ये घुसत होते आणि उलटे गच्चीपर्यंत चढत होते. प्रत्येक न्हाणीघराच्या गरम पाइपवर एनआरव्ही बसवल्यावर ते थांबले. घरात पंप असेल, तर दाब सहन करणारी सोलर टाकी घेणे किंवा गरम-गार दोन्ही पाणी एकाच दाबाने येईल अशी व्यवस्था करणे, हे मुळातच ठरवून घ्यावे. अगदी वरच्या मजल्यावर उलट अडचण येते. तिथे दाब इतका कमी असतो, की एनआरव्हीच्या स्प्रिंगच्या झडपेतून धार बारीक होते, म्हणून कोपरे कमीत कमी ठेवून पाऊण इंची पाइप गीझरपर्यंत न्यावा.

गीझरचा थर्मोस्टॅट ४५ ते ५० अंशांवर ठेवावा. सोलरचे पाणी याहून गरम असेल, तर कॉइल लागतच नाही. मात्र फुप्फुसांचा आजार करणारे लिजिओनेला जातीचे जिवाणू साधारण २० ते ४५ अंशांच्या पाण्यात वाढतात आणि ६० अंशांना मरतात, त्यामुळे ढगाळ दिवसांत आठवड्यातून एकदा गीझर ६० अंशांपर्यंत तापवावा. याउलट उन्हाळ्यात भाजण्याचा धोका असतो: ६० अंशांच्या पाण्याने सुमारे ५ सेकंदांत खोल भाजू शकते. पूर्वी बंबातले पाणी घंगाळात काढून विसण घातल्याशिवाय कोणी अंगावर घेत नसे. शॉवरखाली ती सवय उरत नाही. लहान मुले किंवा वृद्ध असलेल्या घरात ठरावीक तापमानालाच पाणी सोडणारा थर्मोस्टॅटिक मिक्सर बसवणे खर्चिक असले, तरी आवश्यक समजावे.

पहिल्यांदा पाणी भरताना वेळ सांभाळावी. रिकाम्या काचनळ्या दुपारी तापलेल्या असताना त्यांत गार पाणी सोडल्यास त्या तडकतात, म्हणून भरणे पहाटे करावे. सोलर टाकी भरल्यावर न्हाणीघरातील गरम पाण्याचा नळ उघडून हवेचे फुसफुसणे थांबेपर्यंत आणि अखंड धार येईपर्यंत वाहू द्यावा. त्यानंतरच गीझरचे बटण चालू करावे, कारण कोरडी कॉइल जळते. गीझरला अर्थिंग, १६ अँपिअरचा स्वतंत्र एमसीबी (जादा प्रवाह झाल्यास वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच ती तोडणारा स्विच) असावा. बोअरवेलचे जड पाणी असल्यास वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्यापूर्वी, गीझर उघडून कॉइलवरचा क्षार काढावा आणि मॅग्नेशिअमचा अॅनोड (टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजणारी कांडी) झिजून तारेपर्यंत आला असेल, तर बदलावा.