हाय-पिव्हट सायकल घरघरते, पेडल जड लागतं? या चुका टाळा

हाय-पिव्हट माउंटन बाइकवर पहिल्यांदा बसणारा हमखास विचारतो, "हे असंच वाजतं का?" थोडं वाजतंच. या सायकलीत मागच्या भागाचा मुख्य पिव्हट, म्हणजे बिजागरीसारखा सांधा, चेनरिंगच्या (पेडलांजवळच्या दातेरी चाकाच्या) बराच वर असतो. त्यामुळे दगड लागला की चाक वर जाताना मागेही सरकतं आणि दणका कमी बसतो. पण चेन नेहमीसारखी सरळ ठेवली, तर सस्पेन्शन दबताच ती पेडल मागे ओढेल. म्हणून तिला पिव्हटजवळच्या एका दातेरी चाकावरून, म्हणजे आयडलरवरून, फिरवून आणावं लागतं. कॉमेन्सालच्या सुप्रीम डीएच या सायकलने २०१५ पासून ही रचना डाउनहिल, म्हणजे उताराच्या, शर्यतींत गाजवली. फॉरबिडन ड्रुइडसारख्या सायकलींनी २०१९ च्या सुमारास ती साध्या ट्रेल बाइकपर्यंत आणली.

आवाज स्वाभाविक की बिघाडाचा, हे ठरवायला एक सोपी खूण आहे. एकसारखी बारीक गुणगुण असेल तर ती रचनेचाच भाग. ३२ दातांची चेनरिंग मिनिटाला ८० फेऱ्यांनी फिरवली तर सेकंदाला सुमारे ४३ दात चेनला भिडतात आणि तेवढेच दात आयडलरवरही. आयडलर लहान असल्यामुळे चेन त्यावरून गोल न जाता कोनाकोनाने जाते. ३२ दातांच्या रिंगवर या कोनांमुळे चेनच्या वेगात अर्धा टक्का चढउतार होतो, १६ दातांच्या आयडलरवर जवळपास दोन टक्के. तळपायाला जाणवणारी झिणझिण ती हीच. तिच्यामागे लागून काही हाती लागत नाही. आवाजाला ठेका असेल, करकर असेल किंवा गेल्या आठवड्यात नसलेला जडपणा आज असेल, तर मात्र पुढे वाचा.

चूक: आयडलरला जॉकी पुली समजणं

बाकीच्या बऱ्याच चुका यातूनच जन्मतात. मागच्या डिरेलरच्या, म्हणजे गिअर बदलणाऱ्या भागाच्या, पिंजऱ्यात दोन लहान जॉकी पुल्या असतात. त्यांच्यावर फक्त पिंजऱ्याच्या स्प्रिंगची ओढ असते, ती काही किलोंपलीकडे जात नाही. आयडलर मात्र चेनच्या वरच्या, भाराखालच्या बाजूला बसतो. ७५ किलोचा माणूस १७० मिमीच्या क्रँकवर (पेडलच्या दांडीवर), आडव्या पेडलवर पूर्ण वजन टाकून उभा राहिला, तर ३२ दातांच्या रिंगवर चेनमधला ताण १,९०० न्यूटनच्या आसपास जातो. आयडलरवर चेन ३० अंशांनी जरी वळत असली, तरी त्याच्या बेअरिंगवर सुमारे १,००० न्यूटन येतात. म्हणजे शंभरेक किलोचं ओझं, तेही प्रत्येक पावलाला.

डिरेलरची पुली थोडी डुगडुगली, तिचे दात झिजले, तरी सायकल निमूट चालते. आयडलर हे खपवून घेत नाही. त्यामुळे "पुलीच तर आहे" म्हणून मापाने जवळपास बसणारी कुठलीही पुली लावू नका आणि प्लॅस्टिकची तर नकोच. आयडलर त्याच फ्रेमसाठी बनवलेला हवा.

चूक: सायकल स्टँडला टांगून, हाताने फिरवून निदान करणं

चेन काढून आयडलर बोटाने फिरवला, तो दोन फेऱ्यांत थांबला आणि "बेअरिंग जाम आहे" असा निकाल लागला. बऱ्याचदा हा निकाल चुकतो. चांगल्या सीलचं, ग्रीसने भरलेलं नवं बेअरिंग बोटाने फिरवल्यावर लगेच थांबतं. ग्रीस धुऊन गेलेलं, मरायला टेकलेलं बेअरिंग मात्र भिरभिर फिरतं. बेअरिंग किती वेळ फिरतं ते पाहू नका, बोटाला काय लागतं ते पाहा. आयडलर अगदी सावकाश फिरवा. वाळू दळल्यासारखं किंवा जागोजागी अडकल्यासारखं लागलं तर बदला. मग दोन बोटांत धरून आडवा हलवा. फ्रेमच्या निर्मात्याने मुद्दाम मोकळीक ठेवलेली नसेल, तर टकटक जाणवता कामा नये.

खरं निदान भाराखाली होतं. बेताच्या चढावर, बसून, मधल्या गिअरमध्ये सायकल चालवा आणि आवाजाचा ठेका मोजा.

क्रँकच्या प्रत्येक फेरीला एकदा, ठरावीक जागी टक होत असेल तर पेडल, क्रँकचा बोल्ट, चेनरिंगचे बोल्ट आणि बॉटम ब्रॅकेट (क्रँक ज्यावर फिरतात तो बेअरिंगचा भाग) तपासा. ठेका पायांशी जुळत नसेल, सरकत सरकत पुढे जात असेल, तर आयडलर बघा. ३२ ची रिंग आणि १८ चा आयडलर असेल तर क्रँकच्या एका फेरीत आयडलर १.७८ फेऱ्या मारतो, म्हणून ठेका सरकतो. जवळपास चार फेऱ्यांनी एकदाच टक होत असेल तर दोष चेनच्या एखाद्या कडीत आहे. १२६ कड्यांची चेन ३२ च्या रिंगवर ३.९४ फेऱ्यांत एक चक्कर पूर्ण करते. ती आखडलेली कडी बहुधा क्विक लिंकच्या, म्हणजे चेन जोडणाऱ्या खास कडीच्या, शेजारी सापडते.

१६ चा आयडलर आणि ३२ ची रिंग ही जोडी फसवी आहे. आयडलर क्रँकच्या फेरीला बरोबर दोनदा फिरतो, त्यामुळे त्याचा दोष उजव्या-डाव्या पावलाच्या ठेक्याशी तंतोतंत जुळतो आणि लोक बॉटम ब्रॅकेट बदलून मोकळे होतात. आधी हे करा: चेन आयडलरवरून उचला, आयडलर चार दात पुढे फिरवा, चेन परत बसवा. टक आता क्रँकच्या ४५ अंश वेगळ्या जागी आली तर दोष आयडलरचा. जिथल्या तिथेच राहिली तर आयडलर निर्दोष.

चूक: चेनची लांबी नेहमीच्या रीतीने मोजणं

चाक मागे सरकतं म्हणजे चेनरिंग आणि कॅसेट (मागच्या चाकावरच्या कॉगचा, म्हणजे दातेरी चक्रांचा, संच) यांतलं अंतर वाढतं. वरच्या बाजूची वाढ आयडलर सांभाळतो. खालची बाजू मात्र ताणली जाते आणि ती तूट डिरेलरचा पिंजरा भरून काढतो. सायकल मोकळी उभी असताना मोजलेली चेन म्हणूनच आखूड पडते. मोठ्या कॉगवर पेडल जड लागतं, पिंजरा पुढे ताणून बसतो आणि सस्पेन्शन तळाला गेलं, म्हणजे पूर्ण दबलं, की डिरेलर किंवा त्याला फ्रेमशी जोडणारा हँगर तुटतो.

बरोबर पद्धत अशी. एअर शॉक (हवेच्या दाबावर दणका झेलणारा) असेल तर आधी त्यातला दाब लिहून ठेवा. मग हवा हळूहळू सोडा, मध्येमध्ये शॉक थोडा दाबत राहा. एकदम सोडली तर तो दबलेल्या अवस्थेतच अडकू शकतो. कॉइलचा, म्हणजे स्प्रिंगचा, शॉक असेल तर स्प्रिंग काढा. चाक हाताने पूर्ण प्रवासभर वर न्या आणि बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंतचं अंतर टेपने मोजत राहा. बऱ्याच हाय-पिव्हट फ्रेमवर ते तळाशी किंवा तळाच्या जवळ सर्वांत जास्त भरतं. तिथे पट्ट्याने चाक बांधा. चेन सगळ्यात मोठ्या कॉगवर टाका आणि आयडलर, रिंग, खालचा गाइड (चेन जागेवर ठेवणारा भाग), डिरेलर अशी तिच्या खऱ्या मार्गाने ओवा. पिंजरा पुढे झुकलेला असावा, पण हाताने अजून थोडा पुढे जायला हवा. नंतर पट्टा सोडून, सस्पेन्शन पूर्ण मोकळं ठेवून, सगळ्यात लहान कॉग तपासा. तिथे पिंजरा मागे दुमडून चेन लोंबायला नको.

काही फ्रेमना खोक्यातली १२६ कड्यांची चेन पुरत नाही. तेव्हा त्याच मॉडेलच्या दुसऱ्या चेनचा तुकडा दुसऱ्या क्विक लिंकने जोडायचा. एकूण कड्या सम असल्याच पाहिजेत. १२ स्पीडच्या क्विक लिंक एसरॅम आणि शिमानो या दोन्ही कंपन्यांच्या एकदाच वापरायच्या असतात. काढलेली परत लावू नका. एसरॅमची टी-टाइप ट्रान्समिशन ही गिअरव्यवस्था असेल तर अंदाजाने जुळवत बसू नका, फ्रेमच्या निर्मात्याने दिलेला कड्यांचा आकडा घ्या.

डिरेलरच्या बी-स्क्रूचंही (पुली आणि कॉग यांतलं अंतर ठरवणाऱ्या स्क्रूचंही) असंच. एसरॅमच्या जुन्या ईगल गिअरवर वरची पुली आणि मोठा कॉग यांतलं अंतर स्वार बसल्यावर, सॅगमध्ये (त्याच्या वजनाने सस्पेन्शन थोडं दबलेलं असताना) लावायचं असतं. स्टँडवर लावलेलं अंतर चाक मागे सरकताच बदलतं आणि मोठ्या कॉगवर घरघर सुरू होते.

चूक: दातांची जोडी चुकवणं

रिंग आणि आयडलर दोन्ही नॅरो-वाइड असतील, म्हणजे एक दात जाड आणि एक बारीक, तर दोन्हीकडे जोडी जुळायला हवी. जाड दात चेनच्या बाहेरच्या पट्ट्यांमधल्या रुंद फटीत, बारीक दात आतल्या पट्ट्यांमधल्या अरुंद फटीत. रिंगवर हे कुणी चुकवत नाही. आयडलर गाइडखाली लपलेला असतो म्हणून तिथे हटकून चुकतं. वरून बॅटरी मारून पाहा: चेन आयडलरवर बसलेली नसेल, दातांच्या टोकांवर चढलेली दिसेल, आणि फिरवल्यावर खाडखाड ऐकू येईल. गाइड सैल करा, चेन उचला, एक दात पुढे टाका. दोन मिनिटांचं काम.

चूक: चेनलाइन फक्त रिंगपुरती पाहणं

चेनलाइन म्हणजे सायकलच्या मधल्या रेषेपासून चेन किती बाजूला चालते ते अंतर. या सायकलीत कॅसेटकडे जाणारी चेन रिंगवरून नाही, आयडलरवरून निघते. बऱ्याच फ्रेमवर आयडलर बॉटम ब्रॅकेटच्या वर आणि थोडा मागे असतो, त्यामुळे चेनचा तिरका प्रवास कमी अंतरात उरकावा लागतो आणि कोन वाढतो. रिंग आणि आयडलर एका रेषेत नसतील तर चेन आयडलरच्या दातांच्या बाजूला घासते. आयडलरची एकच कड चकचकीत झालेली दिसली की समजा.

३० सेंमीची स्टीलची पट्टी रिंगच्या दातांवर सपाट धरून आयडलरपर्यंत न्या. दातांच्या जाडीतला फरक धरून एक मिमीच्या आत जुळायला हवं. हा घोळ बहुतेक वेळा क्रँक किंवा रिंग बदलल्यावर होतो. ५२ मिमी चेनलाइनच्या जागी ५५ ची लावली किंवा ३ मिमी ऑफसेटच्या (तेवढी बाजूला सरकवलेल्या) रिंगऐवजी ६ ची, तर रिंग तीन मिमी सरकते. आयडलर जागच्या जागी राहतो. निर्मात्याने आयडलरखाली स्पेसर दिला असेल तर तो त्या मापाने बदला, नाहीतर जुन्या मापाची रिंग परत आणा.

चूक: नवी चेन, जुना आयडलर

बारा पूर्ण जोड्या, म्हणजे २४ कड्या, नव्या चेनवर ३०४.८ मिमी भरतात. ३०६.३ मिमी झाल्या की चेन अर्धा टक्का लांबली, १२ स्पीडची असेल तर बदला. ती वेळेत बदलली तर आयडलर दोन-तीन चेन सहज काढतो. उशीर केलात तर त्याचे दात एका बाजूला झुकतात आणि नवी चेन त्यांतून सुटताना दर दाताला अडकते. आवाज जुन्या चेनपेक्षा वाढतो आणि खापर बिचाऱ्या नव्या चेनवर फुटतं.

चेनची जातही बघा. शिमानोच्या हायपरग्लाइड प्लस चेनच्या आतल्या पट्ट्या लांब असतात, काही नॅरो-वाइड दातांना त्या घासतात. एसरॅमच्या सपाट पाठीच्या टी-टाइप चेनसाठी रिंग आणि आयडलर दोन्ही त्या चेनला चालणारे आहेत का, हे आधी विचारून घ्या.

चूक: वंगण आणि पाण्याचा फवारा

चेनची प्रत्येक कडी इथे जास्तीच्या एका चाकावर वाकते आणि सरळ होते, तीही पूर्ण ताणाखाली. १६ दातांच्या आयडलरवर २२.५ अंश, १८ वर २० अंश. त्यामुळे साध्या सायकलवर अजून चालेल अशी चेन इथे कोरडी वाजू लागते. जडपणाची तक्रार आली की आधी चेन पुसून तेल द्या, पाने नंतर काढा. प्रत्येक रोलरला एक थेंब, पेडल मागे फिरवत वीसेक फेऱ्या, दहा मिनिटं थांबा, मग कोरड्या फडक्याने बाहेरचं सगळं पुसा. मेणाचं वंगण असेल तर डिग्रीजरने पूर्ण धुतलेल्या चेनवर रात्री लावून सकाळपर्यंत सुकू द्या.

आयडलर आणि वरचा गाइड यांच्यामध्ये साठलेला चिखल जुन्या टूथब्रशने काढा. सह्याद्रीतल्या पावसाळ्यात ही जागा लाल मातीने गच्च भरते आणि ओली जांभ्याची माती पॉलिश पेपरसारखी घासते. प्रेशर वॉशर आयडलरवर रोखू नका. गाइड आणि चेन यांच्यामध्ये २ मिमीची अ‍ॅलन की सरकायला हवी. मोठ्या आणि लहान, दोन्ही टोकांच्या कॉगवर तपासा.

चूक: बोल्ट आवळून आवाज दाबणं

करकर येते म्हणून आयडलरचा बोल्ट ताकदीने आवळला, तर दोन बेअरिंगच्या मधली नळी नीट बसलेली नसताना बेअरिंगच्या आतल्या कड्या एकमेकींकडे ओढल्या जातात आणि आयडलर जड होतो. बोल्ट सैल केल्यावर तो मोकळा फिरत असेल तर नळी किंवा वॉशर हरवलाय, उलटा लागलाय किंवा चुकीच्या मापाचा आहे. सगळं उघडा, पुसा, नळीच्या टोकांना पातळ ग्रीस आणि बोल्टच्या आट्यांना निळं लॉकटाइट लावा, मग फ्रेमवर लिहिलेल्या टॉर्कने बसवा. नवं बेअरिंग ठोकताना दाब फक्त बाहेरच्या कड्यावर द्या.

चूक: खालची बाजू विसरणं

आयडलरमुळे चेन रिंगला कमी दातांवर पकडते. काही फ्रेमवर खालची पुली किंवा गाइड त्यासाठीच असतो. तो काढून "हलकं केलं" की चेन उड्या मारते आणि रिंग लवकर झिजते. पेडल न मारता, उतारावरच खडखड येत असेल तर वरच्या आयडलरचा संबंध नाही. ढिली चेन, डिरेलरचा सैल झालेला क्लच (पिंजरा उडू न देणारा भाग) किंवा चेनस्टेवरचं, म्हणजे चेनशेजारच्या फ्रेमच्या नळीवरचं, निघालेलं रबर शोधा. शिमानोच्या डिरेलरवर क्लचची कळ असेल तर ती बंद करून त्याच चढावर पुन्हा चालवा. पेडल हलकं झालं तर ओढ क्लचची होती.

आणि आयडलर मागवायचाच असेल तर त्याच खोक्यात दोन बेअरिंग, एक बोल्ट आणि मधली नळीही मागवा. या सायकली आपल्याकडे मोजक्याच आहेत, नळी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही.